आखाजीचा प्रवास आणि ‘आटलेलं’ दूध: एक प्रकरण अभ्यास

बाळ: मुलगी, साडेचार महिन्यांची. आई: पहिलटकरीण, बावीस वर्षांची. सासर सुरतेत उधन्याला, माहेर पारोळा तालुक्यात. तक्रार आजीने सांगितली ती अशी: प्रवासात ऊन लागलं, त्याने लेकीचं दूध आटलं, म्हणून वरचं दूध सुरू केलं, आणि आता नातीला जुलाब लागलेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ही मंडळी आमच्याकडे, तालुक्याच्या गावातल्या बालरुग्णालयात आली. तपासणी आणि औषधं बालरोगतज्ज्ञांनी पाहिली. दूध पाजण्याबद्दलचं समुपदेशन माझ्याकडे होतं. आईच्या परवानगीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ऊन लागलं, दूध आटलं, बाटली लावली. खान्देशात उन्हाळ्यात ही कहाणी याच क्रमाने ऐकू येते. यातलं ऊन खरं होतं आणि बाटलीही खरी होती. मधलं ‘आटलं’ मात्र खरं नव्हतं, आणि पुढचं सगळं दुखणं त्याच एका समजुतीवर उभं राहिलं होतं.

प्रवास कसा झाला

वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, लेकीबाळी माहेरी येतात. झोके, गौराई, सांजोऱ्या, आमरस, सगळं या सणाला. पण याच दिवसांत जळगाव-भुसावळ पट्ट्यातला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. सुरतेत कापड धंद्यात असलेली हजारो खान्देशी कुटुंबं आहेत. त्यांच्या सुना उधन्याहून ताप्तीच्या रेल्वेमार्गाने निघतात आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा करत अमळनेरला किंवा जळगावला उतरतात. या आईला न्यायला मुराळी म्हणून तिचा धाकटा भाऊ गेला होता. वय एकोणीस.

तोपर्यंत बाळ फक्त अंगावरच्या दुधावर होतं. निघायच्या आठवड्यात वजन भरलं होतं 6 किलो 400 ग्रॅम. बाळ चांगलं वाढत होतं.

जनरल डबा, सणाची गर्दी. भाऊ समोरच्या बाकावर, शेजारी दोन अनोळखी पुरुष. पहिल्यांदा पाजायला घेतलं तेव्हा आईने सिंथेटिक ओढणी दुपदरी करून बाळावर पूर्ण ओढून घेतली. बाळाने दोन-चार घोट घेतले, तोंड काढलं, रडायला लागलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. शेजारच्या बाईने सांगितलं, “तान लागनी व्हई तिले, पानी पाज ना.” नंदुरबारला भावाने बाटलीबंद पाणी आणलं आणि ते झाकणाने पाजलं. बाळ गप्प झालं, झोपलं, आणि जे झोपलं ते अमळनेरपर्यंत. आईनेही ‘झोपलंय तर उठवायचं कशाला’ म्हणून तसंच ठेवलं. तिने स्वतः सकाळपासून घोट-घोट पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. गर्दीतून संडासापर्यंत जायचं कसं, आणि बाळ धरायला कुणाच्या हाती द्यायचं, ही तिची अडचण. हे कारण तिने कुणाच्या समोर सांगितलं नाही. मी तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा सांगितलं.

अमळनेरहून पुढे भर दुपारची एसटी. खिडकीतून येणारी झळ भट्टीतल्यासारखी. घरी पोचेपर्यंत बाळाने छाती सोडल्याला सहा तास होत आले होते. छाती दगडासारखी झालेली, डावीकडे गाठ, पोलकं ओलं. ती उंबऱ्यात पाजायला बसणार तोच आजी म्हणाली, “उन्हमाईन उनी शे तू, लगेच नको पाजू. दूध तपेल ऱ्हास.” उन्हातून आलीस, दूध तापलेलं असतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आणखी तास-दीड तास गेला. त्यानंतर लावलं तर छाती इतकी ताठ की बोंड सपाट झालेलं. बाळाच्या तोंडात काही बसेना, ते किंचाळायला लागलं. घरातल्या चार बायकांनी पाहिलं आणि निदान ठरलं: दूध आटलं.

त्या संध्याकाळी गावातल्या दुकानातून पावडरचा डबा आणि बाटली आली.

आमच्याकडे काय दिसलं

वजन 6 किलो 100 ग्रॅम. दिवसातून सहा-सात पातळ जुलाब, त्यात रक्त नाही. डोळे किंचित खोल, बाळ चिडचिडं, चमच्याने दिलेलं अधाशासारखं पीत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसत होती. ताप नाही. म्हणजे काही प्रमाणात निर्जलीकरण होतं, पण सलाइनची गरज नव्हती. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबाने, किलोमागे 75 मिली, म्हणजे साधारण साडेचारशे मिली ओआरएस चार तासांत चमच्या-चमच्याने द्यायला सांगितलं. सोबत झिंक 10 मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी झिंकची मात्रा एवढीच असते. आणि अंगावरचं दूध चालूच. जुलाबात अंगावरचं दूध बंद करतात ते उलटं आहे. त्या काळात त्याची गरज जास्त असते.

आईचे ओठ कोरडे, लघवी गडद पिवळी, दिवसातून दोन-तीनदाच. डाव्या छातीत दुखरी गाठ, वर लाली नाही, ताप नाही. दूध साचून बसलं होतं. ‘आटलेल्या’ छातीत गाठ होत नाही.

बाटलीबद्दल विचारलं तेव्हा आजीने सगळं मोकळेपणाने सांगितलं. डबा महाग म्हणून डब्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी पावडर. पाणी माठातलं. बाटली गार पाण्याने विसळलेली. बाळाने अर्धं टाकलं की उरलेलं झाकून ठेवायचं आणि दोन-तीन तासांनी तेच पुन्हा. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. ज्या घरात हे कधी केलेलंच नाही तिथे कुणी नीट शिकवलं नाही तर असंच होणार. पण पावडर मुळात निर्जंतुक नसते, आणि घरातली हवा चाळीस अंशांच्या वर असताना कालवलेलं दूध दोन तास ठेवणं म्हणजे जंतूंना वाढायला हवी तशी जागा करून देणं. जुलाबाचं कारण शोधायला यापेक्षा लांब जावं लागलं नाही.

अशा डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. तरी घरात डबा येतो तो जाहिरातीमुळे नव्हे, ‘आटलं’ या शब्दामुळे. म्हणून आमचं पहिलं काम त्या समजुतीचा निकाल लावणं हे होतं.

दूध आहे हे दाखवणं

नुसतं सांगून भागत नाही, विशेषतः आजीला. आईला खुर्चीत टेकून बसवलं, आधी दोन भांडी पाणी पाजलं. छातीला कोमट ओल्या फडक्याने थोडा शेक दिला. मग बोंडाभोवतीच्या काळ्या भागाला बोटांच्या टोकांनी चहूकडून मिनिटभर हलकं मागे दाबून धरलं, म्हणजे तिथली सूज मागे सरून बोंड मऊ होतं. त्यानंतर अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, काळ्या भागाच्या कडेला ठेवून छाती आधी बरगड्यांकडे मागे दाबायची, मग चिमटीसारखी मिटायची, मग सोडायची. बोटं कातडीवर घासायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. आधी थेंब आले, नंतर धारा लागल्या. वाटीचा तळ झाकला गेला तेव्हा आजी वाकून पाहत म्हणाली, “दूध ते शे व माय!”

छाती मऊ झाल्यावर बाळाला लावलं. ओढणी नाही, फक्त दार लोटलेलं आणि पंखा. बाळाने तोंड मोठं उघडून धरलं आणि गिळण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मग ट्रेनमध्ये बाळाने दूध का सोडलं असेल, याची उजळणी सगळ्यांसमोर केली. तान्ह्या बाळाला घाम कमी येतो आणि अंगाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. त्यात आईचं अंग गरम, वर न श्वास घेणारं सिंथेटिक कापड, डब्यात चाळीसच्या पुढची हवा. त्या आवरणाखाली गुदमरून बाळ तोंड काढतं. ते दुधाला नाकारत नसतं, उकाड्याला नाकारत असतं. शिवाय चार महिन्यांपुढच्या बाळाचं लक्ष आवाजाने, माणसांनी उडतं. घरी ते दहा मिनिटं पितं, गाडीत दोन मिनिटं पिऊन मान वळवतं. त्यात आई संकोचलेली असली की दूध उतरायलाही वेळ लागतो, कारण ते उतरवणारं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, ताणाखाली अडखळतं. चार घोटांत धार लागली नाही की बाळ रडतं, आणि बघणारा म्हणतो दूध नाही.

पाणी पाजल्याने ते शांत झालं हेही खरं, पण इवलंसं पोट पाण्याने भरलं आणि पुढचं पाजणं राहून गेलं. अंगावरच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ थोडं-थोडं, वारंवार पितं, ते तहानेसाठीच. पहिले सहा महिने कोरड्या, कडक उन्हातही वरून पाण्याची गरज नसते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आजीला पटायला वेळ लागला. तिचं म्हणणं मला रास्तच वाटलं: आपल्याला घशाला कोरड पडते तर लेकराला का नाही? म्हणून तिला बाळाची तहान ओळखायची खूण दिली. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल तर बाळाला पाणी पुरतंय. लघवी गडद, टाळू खोल, तोंड कोरडं, बाळ मलूल पडलेलं आणि उठवून उठत नाही, अशा वेळी पाण्याच्या झाकणाचा विचार न करता दवाखाना गाठायचा.

‘तापलेल्या’ दुधाचीही गोष्ट बोलून घेतली. उन्हातून आलेल्या आईच्या छातीतलं दूध तिच्या अंगाच्या तापमानाचंच असतं. ते उन्हाने नासत नाही, पिळून टाकायची गरज नाही. दारात पाय ठेवल्यावर आईने हातपाय धुवावेत, पाणी प्यावं आणि लगेच घ्यावं. अशा वेळी थांबवण्याने काय झालं ते त्या घरानेच पाहिलं होतं. थांबवणारीचा हेतू मायेचाच होता, म्हणून तो दोष म्हणून मांडला नाही.

बाटली कशी सुटली

एकदम बंद केली नाही. चार दिवस बाळाला अर्धं पोषण वरून मिळत होतं. छातीला मागणी कमी झाल्यावर तिचं दूधही थोडं कमी झालं होतं. छाती भरून राहिली की दूध बनणं मंदावतं, रिकामी होत गेली की वाढतं. बाटली मात्र पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली, आणि लागेल ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या लहान भांड्याने, द्यायला सांगितलं. आजीच्या माळ्यावर जुनं बोंडलं निघालं. ते उकळून वापरात आलं, आणि आजीकडे करण्यासारखं एक नेमकं काम आलं याचाही उपयोग झाला.

दर दोन तासांनी छातीला लावायचं, रात्री धरून. दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं, म्हणून दूध वाढवायचं तर रात्रीचं पाजणं सोडून चालत नाही. दोन्ही बाजू प्रत्येक वेळी. गाठीच्या बाजूला बाळाची हनुवटी येईल अशा बेताने धरायचं, पाजून झाल्यावर गार फडकं. लघव्या मोजायच्या. वरचं दूध रोज थोडं-थोडं कमी. जुलाब तिसऱ्या दिवशी आवरले, आठवड्याच्या आत वरचं दूध पूर्ण सुटलं. दहाव्या दिवशी वजन 6 किलो 500.

परतीची तयारी

खरं तर या प्रकरणाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हा आहे, कारण प्रवास टळणारा नव्हता. नवरा तिकडे, सासर तिकडे. ‘लहान लेकरू घेऊन उन्हाळ्यात फिरू नका’ हा सल्ला खान्देशातल्या सुरतवाल्या कुटुंबाच्या काही कामाचा नाही.

आईचा पहिला प्रश्न होता, दूध काढून बाटलीत घेऊन जाऊ का? बाळ सोबत असताना नको. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं म्हणतात ते पंचवीस अंशांपर्यंतच्या हवेत. मे महिन्यातल्या डब्यात तो हिशेब लागू होत नाही. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या चांगल्या थंड डब्यात ते चोवीस तासांपर्यंत राहू शकतं, आणि नोकरीवर जाणाऱ्या आईला ती सोय उपयोगी आहे. पण इथे छातीसारखा ताजा, बिनखर्चाचा साठा जवळ असताना एवढा खटाटोप कशाला?

ज्या आयांना काही कारणाने पावडरच द्यावी लागते त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. त्यांच्यासाठी प्रवासाची रीत वेगळी आहे आणि ती काटेकोर पाळावी लागते. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये गरम ठेवायचं. पावडर मोजून, कोरड्या स्वच्छ डब्यांत एकेका वेळेपुरती. कालवताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नसावं, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात उरलेलं फेकायचं, कितीही जिवावर आलं तरी. धुतलेल्या-उकळलेल्या वाटी-चमच्यांचे दोन-तीन जोड सोबत.

या प्रकरणातल्या आईसाठी आम्ही बाळाची नव्हे, तिची पिशवी भरली. पिण्याच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या तिच्यासाठी. भाजके शेंगदाणे, दशम्या, लिंबू-मीठ-साखर. पुढून उघडणारं सैल सुती पोलकं, कारण मागे चेन असलेल्या ड्रेसमध्ये गर्दीत पाजता येत नाही. ओढणीऐवजी आजोबांचं पांढरं सुती उपरणं, तेही बाळाच्या तोंडावर न टाकता आईच्या खांद्यावरून एका बाजूने सोडायचं, म्हणजे आडोसा होतो आणि वारा लागतो. बाळाच्या अंगावर एक पातळ झबलं, आणि बाळाच्या पोटाशी आईचं अंग घामेजलं की मध्ये एक ओलं पिळलेलं मऊ फडकं.

तिकीट पहाटेच्या गाडीचं, आरक्षित, खिडकीजवळचं. जागा मिळाली की खिडकीकडे तोंड आणि डब्यातल्या ये-जा करायच्या वाटेकडे पाठ करून बसायचं. गाडी येण्याआधी फलाटावरच एकदा पाजून घ्यायचं. रडण्याची वाट न बघता दर दीड-दोन तासांनी, झोपलेलं असलं तरी तळपायाला गुदगुल्या करून उठवून. उन्हाळ्यातली प्रवासातली लांब झोप ही समाधानाची असेलच असं नाही. संडासाला जायचं तेव्हा बाळ मामाकडे.

मामाशी बोलणं बाकी होतं. तो लाजत होता, बहीणही. मी त्याला एवढंच सांगितलं की समोर बसून खिडकीबाहेर बघत राहण्याऐवजी बहिणीच्या शेजारी, ये-जा करायच्या वाटेच्या बाजूला, पाठ तिच्याकडे करून बस. म्हणजे तूच पडदा. तासातासाने पाण्याची बाटली तिच्या हातात दे. कुणी ‘पाणी पाज’ म्हटलं तर उत्तर तू दे, ती नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने हे फार मनावर घेतलं. पहिल्या प्रवासात ज्याच्यामुळे ती अवघडली होती, तोच दुसऱ्या प्रवासात तिची सगळ्यांत मोठी सोय झाला. घरातल्या पुरुषांना या संभाषणातून बाहेर ठेवण्याची आपली जी पद्धत आहे, तिचा भार शेवटी आईवर पडतो, असं मला ठामपणे वाटतं.

एसटीच्या टप्प्याबद्दलही बोललो. बसमध्ये संडास नाही, म्हणून आया पाणी पिणं बंद करतात. त्यापेक्षा सुटण्याआधी स्थानकावर जाऊन यावं आणि पाणी प्यावं. एसटीच्या अनेक स्थानकांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहे. तो दिसला नाही किंवा कुलूप दिसलं तर चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, किल्ली मागायची. तिथे पंख्याखाली बसून एकदा निवांत पाजलं की पुढचा तास निभावतो. स्थानक ते घर मोटारसायकलवर जाताना बाळाला पाजायचं नाही, आणि उन्हाच्या भीतीने तोंडावर कापड गुंडाळायचं नाही. दहा मिनिटं थांबून सावलीत पाजावं, मग निघावं.

पुढे

सुरतेहून तिचा फोन आला. नंदुरबारच्या आधी बाळाने पुन्हा एकदा तोंड काढलं होतं, तेव्हा तिने उपरणं बाजूला केलं, फडकं ओलं करून बाळाच्या पाठीवर ठेवलं, जरा वेळ खांद्यावर घेतलं आणि परत लावलं. या वेळी बाळ प्यायलं. शेजारच्या बाईने पाणी सुचवलंच, मामाने उत्तर दिलं. वाटेत आईने एक बाटली संपवली होती.

सहा महिने झाल्यावर लसीकरणाच्या निमित्ताने वजन कळवलं: 7 किलो 200. वरचं खाणं सुरू करायचं, दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवायचं हे तेव्हा बोललो. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला पुन्हा माहेरी यायचं होतं, तर गाडीत काय द्यावं असं तिने विचारलं. मी जळगावचं पिकलेलं केळ सांगितलं. सालीत बंद, सोलेपर्यंत स्वच्छ, हात धुऊन वाटीत कुस्करलं की झालं. घरून नागलीची (नाचणीची) खीर नेऊ का, असं आजीने मागून विचारलं. ती दोन तासांच्या आत संपणार असेल तरच, असं सांगितलं.